बर्फाचा हिशोब

जुलै 2020 मध्ये फ्रान्समधल्या शामोनी गावाच्या वर, बोसाँ नावाच्या हिमनदीत काही जुनी वर्तमानपत्रं सापडली. ओली, चिकटलेली, पण वाचता येतील अशी. वर्तमानपत्रं भारतातली होती, जानेवारी 1966 ची. आणि पहिल्या पानावर ठळक बातमी होती, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार!

ही वर्तमानपत्रं कुठून आली हे तुमच्यापैकी बर्‍याच जणांनी ओळखलं असेल. एअर इंडियाचं 'कांचनगंगा' हे बोइंग 707 विमान 24 जानेवारी 1966 च्या सकाळी माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळलं. मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत करत ते जिनिव्हाला उतरणार होतं. विमानात 117 जण होते, कोणीही वाचलं नाही. डॉ. होमी भाभा त्यातच गेले. ते व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते. (घातपाताच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतीलच, त्या वाटेला आज मी जात नाही. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता की वैमानिकाचा आपण माँ ब्लाँच्या कुठल्या बाजूला आहोत याचा अंदाज चुकला.) योगायोग असा की इंदिरा गांधींचा शपथविधी त्याच दिवशी होता. म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी खरी झाली, त्याच दिवशी ते वर्तमानपत्र बर्फात गेलं.

माझ्या डोक्यात मात्र एक अगदी बाळबोध प्रश्न बसून राहिला. विमान पडलं ते सुमारे 4700 मीटर उंचीवर. कागद सापडले ते कितीतरी खाली, जिथे लोक कॉफी प्यायला येतात अशा एका कॅफेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. मग ते खाली आणले कोणी?

उत्तर एका शब्दाचं आहे. बर्फाने.

हिमनदी वाहते हे आपण भूगोलात वाचलेलं असतं. परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण 'वाहते' म्हणजे नक्की काय होतं, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. बर्फ म्हणजे फ्रिजमधल्या ट्रेमधला. ट्रे पिळला की कडाड् करून सुटतो, ओट्यावर आपटला की त्याचे तुकडे होतात. काचेसारखी ही कडक वस्तू वाहणार कशी?

यासाठी एक ओळखीचं उदाहरण. रस्त्याचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार निघून जातो आणि मागे डांबराचं एखादं पिंप आडवं पडून राहतं, आठवतंय? त्या डांबरावर दगड घातला तर त्याची कपची उडते. पण मे महिन्यात तेच डांबर पिंपाच्या तोंडातून जिभेसारखं बाहेर येतं आणि जूनपर्यंत रस्त्याच्या कडेला पसरलेलं असतं. एकाच वस्तूचे दोन स्वभाव. एकदम फटका मारला तर ती तुटते, हळूहळू भार टाकत राहिलं तर आकार बदलते. घरातलं उदाहरण हवं असेल तर पुस्तकांची लाकडी फळी बघा. आमच्याकडे वीस वर्षांचे दिवाळी अंक एका फळीवर आहेत. फळी कधीही मोडली नाही, कुरकुरलीसुद्धा नाही. पण आज तिला मध्ये चांगला बोटभर बाक आहे. सगळे अंक काढून ठेवले तरी तो बाक पूर्ण जात नाही. तो कुठल्या दिवशी आला, हे कोणाला सांगता येणार नाही.

बर्फाचं असंच आहे, आणि त्याला एक सोपं कारण आहे. आपल्याला बर्फ थंडगार वाटतो, पण 'बर्फाच्या दृष्टीने' तो भयंकर गरम असतो. उणे 5 अंशाचा बर्फ त्याच्या वितळणबिंदूपासून फक्त पाच अंश दूर असतो. केल्व्हिनमध्ये मोजलं तर 273 पैकी 268, म्हणजे वितळण्याच्या तापमानाच्या 98 टक्के! लोखंडाला याच हिशोबाने तापवायचं तर ते सुमारे 1500 अंशांपर्यंत न्यावं लागेल. त्याहून कमी तापलेल्या लोखंडालाही लोहार हवा तसा आकार देतो त्याचं आपल्याला नवल वाटत नाही. हिमनदी ही तशीच, वितळण्याच्या उंबरठ्यावर असलेली वस्तू आहे. आपल्या हाताला ती गार लागते हा आपला प्रश्न.

आत काय होतं? बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू थरांमध्ये रचलेले असतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून बाजूने हलकेच ढकलला की पत्ते एकमेकांवरून सरकतात आणि कॅट तिरका होतो, तसे हे थर एकमेकांवरून सरकतात. प्रत्येक स्फटिकाचे पत्ते वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे शेजारी एकमेकांना अडवतात आणि काम फार सावकाश चालतं. पण थांबत नाही. डोंगराच्या उतारावर शे-दीडशे मीटर जाडीचा बर्फ बसला की त्याचं स्वतःचंच वजन रात्रंदिवस ते ढकलण्याचं काम करतं.

हे किती सावकाश चालतं ते मोजलं जॉन ग्लेन नावाच्या तरुण संशोधकाने, केंब्रिजमध्ये, 1950 च्या दशकात. त्याने बर्फाच्या ठोकळ्यांवर ठरावीक वजनं ठेवली आणि ते किती वेगाने दबतात हे बघितलं. दाब दुप्पट केला तर दबण्याचा वेग दुप्पट व्हायला हवा ना? तसं झालं नाही. वेग साधारण दाबाच्या घनाने वाढतो. दुप्पट दाबाला सुमारे आठपट, तिप्पट दाबाला सत्तावीसपट. म्हणून हिमनदीची खरी झीज आणि खरं वाकणं तळाशी होतं, जिथे वरचा सगळा भार येतो. वरचा बर्फ त्या वाकलेल्या बर्फाच्या पाठीवर बसून प्रवास करतो. (शिवाय कित्येक हिमनद्या तळाच्या पाण्यावरून घसरतातही, पण तो वेगळा भाग.) हिमनदीवरच्या त्या भयानक भेगा असतात ना, त्याही तळापर्यंत जात नाहीत. साधारण तीसेक मीटरच्या खाली वरचा दाब इतका होतो की बर्फ वाहून भेग मिटवून टाकतो. वर तडतड, खाली चिडीचूप.

ग्लेनचे गुरू होते मॅक्स पेरुत्झ. होय, हिमोग्लोबिनची रचना शोधून 1962 चं नोबेल मिळवणारे पेरुत्झ. या माणसाचं बर्फाशी जुनं नातं होतं. दुसर्‍या महायुद्धात बर्फाचं विमानवाहू जहाज बांधायची एक अचाट ब्रिटिश योजना होती, तिच्यासाठी ते लंडनच्या स्मिथफील्ड मटण बाजाराखालच्या शीतगृहात लाकडाचा लगदा मिसळलेल्या बर्फाची ताकद तपासत होते. या बर्फाला बंदुकीची गोळीही लवकर फोडू शकत नसे. पण एक अडचण निघाली. उणे 15 अंशांपर्यंत गार ठेवलं नाही तर ते जहाज स्वतःच्याच वजनाने हळूहळू बसत जाणार होतं! गोळीला पुरून उरणारी वस्तू स्वतःच्या रोजच्या वजनापुढे टिकेना. जहाज झालं नाही. पण 1948 मध्ये पेरुत्झ आणि त्यांच्या सहकार्‍यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊच्या बर्फात सव्वाशे मीटरहून खोल पोलादी नळी उभी गाडली आणि पुढे ती कशी वाकते ते मोजलं. वरचं टोक पुढे गेलं होतं, खालचं मागे राहिलं होतं.

आता पुन्हा बोसाँकडे. कारण हीच हिमनदी दीडशे वर्षांपूर्वी एकदा आपला हिशोब जगाला दाखवून बसली आहे.

ऑगस्ट 1820 मध्ये डॉ. हामेल नावाचे एक रशियन निसर्गशास्त्रज्ञ माँ ब्लाँ चढत होते. बरोबर शामोनीचे वाटाडे होते. शिखराच्या खाली हिमकडा सुटला आणि तीन वाटाडे एका भेगेत गाडले गेले. बाकीचे वाचले. शोधाशोध झाली, काही मिळालं नाही, आणि त्या काळाच्या रीतीप्रमाणे हे तिघे बर्फाचे झाले असं समजून सगळे खाली उतरले.

पुढे 1842 मध्ये एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स फोर्ब्स शामोनीला आले आणि शेजारच्या मेर द ग्लास हिमनदीवर खुणा करून, दुर्बीण लावून बसले. लोकांना हिमनदी सरकते एवढं ठाऊक होतं. फ्रान्झ हुगी नावाच्या स्विस माणसाने 1827 मध्ये उंटरआर हिमनदीवर बांधलेली झोपडी 1841 पर्यंत सुमारे 1.4 किलोमीटर खाली गेलेली होती. पण ती सरकते कशी? धक्क्याधक्क्याने? फक्त उन्हाळ्यात? फोर्ब्सनी दाखवलं की ती दिवसरात्र, अखंड चालते, आणि मध्यभागी जोरात, कडांना हळू. म्हणजे अगदी नदीसारखी. म्हणून त्यांनी म्हटलं, हिमनदी हा एक दाट द्रव आहे.

या एका वाक्यावरून पुढे वीस-पंचवीस वर्षं भांडण चाललं! जॉन टिंडल हे दुसरे मोठे शास्त्रज्ञ म्हणाले, बर्फ कसला वाहतोय, तो बारीक बारीक तुटतो आणि दाबाखाली पुन्हा चिकटतो. आपण शाळेत 'पुनर्हिमायन' शिकलो ना, बर्फाच्या लादीवर दोन्ही टोकांना वजनं बांधलेली तार ठेवायची, तार आरपार जाते आणि लादी अखंडच राहते... तोच प्रयोग टिंडलच्या बाजूचा पुरावा. प्रयोग खरा आहे, पण हिमनदीला वाहायला वितळावं लागत नाही की तुटावं लागत नाही. उणे 10 अंशांतही बर्फ वाकतो. ग्लेनच्या ठोकळ्यांनी हे पक्कं झालं तोवर फोर्ब्स आणि टिंडल दोघेही जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

पण फोर्ब्सनी एक गोष्ट केली होती. आपल्या वेगाच्या आकड्यांवरून त्यांनी अंदाज बांधला होता की 1820 चे ते तीन वाटाडे साधारण चाळीस वर्षांनी हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर येतील.

ते आले. 1861 च्या ऑगस्टमध्ये. एक्केचाळीस वर्षांनी.

मानवी अवशेष, कपड्यांच्या चिंध्या, एक होकायंत्र, सोबत नेलेल्या मटणाची शिजवलेली तंगडीसुद्धा. त्या दिवशीच्या अपघातातून वाचलेला एक वाटाडा अजून गावात होता, आता म्हातारा झालेला. त्याने ते ओळखलं. मी इथे बराच वेळ थांबले. जे गेले ते तरुणच राहिले होते. जो वाचला, तो सत्तरी ओलांडून त्यांच्यासमोर उभा होता.

वर पडलेली वस्तू इतका काळ कुठे असते याचंही उत्तर छान आहे. वरच्या भागात दरवर्षी नवा हिमवर्षाव होतो, म्हणून ती वस्तू दरवर्षी आणखी खोल जाते. वरून बघणार्‍याला वाटतं, गेली, संपली. आतल्या आत ती उतरत असते. मग हिमनदी अशा उंचीवर पोचते की जिथे पडणार्‍या बर्फापेक्षा वितळणारा बर्फ जास्त. तिथून पुढे दर उन्हाळ्यात वरचा थर जातो आणि वस्तू पृष्ठभागाच्या जवळ येत राहते. जितक्या वर हरवली तितक्या खाली सापडते.

आता मुद्द्याचं बोलते, नाहीतर घरचे म्हणतील की हिला भूगोलाचं पुस्तक लिहायचंय.

आपल्याकडे कोणी गेलं की आठ-दहा दिवसांत कोणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगतंच, काळ हेच औषध, वेळ जाऊ दे, विसरशील. माझे काका 1991 मध्ये अचानक गेले तेव्हा काकूला हे वाक्य किमान पन्नास जणांनी सांगितलं असेल. काकू मोडली नाही. नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, सगळं केलं. आम्ही सगळे म्हणायचो, काकू फार खंबीर. मोडणं आवाज करतं म्हणून आपल्याला कळतं. वाकणं कळत नाही.

2017 साली घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरून एक जुना रेनकोट निघाला. खिशात काकांच्या अक्षरातली चिठ्ठी. दळण, रॉकेल, टॉर्चचे सेल. काकू ती हातात घेऊन स्टुलावर बसली आणि चक्क रागावली. "बघ गं, दळण आणलंच नव्हतं त्यांनी त्या दिवशी. मलाच जावं लागलं होतं." आणि मग सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या न आणलेल्या दळणावरून ती खूप वेळ हसली, आणि नंतर रडली. आमच्यापैकी कोणी तिला त्या दिवसात रडताना पाहिलं नव्हतं. चहा घेताना मला म्हणाली, "बरं वाटलं गं."

(काकू, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. तुला विचारूनच लिहिलंय, विसरली असशील तर.)

काळ औषध आहे की नाही मला माहीत नाही. मला एवढंच दिसतं की आत गेलेलं आतच विरघळत नाही. ते सरकत असतं. आणि ज्याच्यावर भार आहे त्याला 'लवकर विसर' असं सांगण्यात अर्थ नसतो, जसा हिमनदीला लवकर चल म्हणण्यात नसतो.

बोसाँने एअर इंडियाच्या बाबतीतही असंच केलंय. या हिमनदीत एक नाही, दोन विमानं आहेत. 'कांचनगंगा'च्या पंधरा वर्षं आधी, 3 नोव्हेंबर 1950 ला 'मलबार प्रिन्सेस' जवळपास त्याच ठिकाणी आदळलं होतं. त्यातले 48 जण गेले, आणि प्रवाशांत बहुतेक आपले खलाशी होते, इंग्लंडला जहाजावर रुजू व्हायला निघालेले. भाभांचं नाव निदान सगळ्यांना ठाऊक आहे. या खलाशांची नावं कोणाला माहीत असणार? त्यांच्या घरीही तार गेली असेल आणि देह आला नसेल. बर्फाला मात्र थोर आणि साधा असा फरक नाही. दोघांना त्याने सारख्याच वेगाने खाली आणलं.

2012 च्या ऑगस्टमध्ये 1966 च्या विमानातली सरकारी टपालाची एक पिशवी मिळाली. परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आत त्या जानेवारीतली वर्तमानपत्रं आणि एअर इंडियाची कॅलेंडरं. नव्या वर्षाची कॅलेंडरं, 46 वर्षं उशिरा पोचलेली. 2013 मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, माणकं आणि नीलम भरलेली छोटी पेटी मिळाली. त्याने ती सरळ पोलिसांना नेऊन दिली. वारस शोधले, सापडले नाहीत. शेवटी 2021 मध्ये ते खडे त्याला आणि शामोनी गावाला निम्मे निम्मे मिळाले.

अलीकडे मात्र हिशोब बिघडलाय. हवामान तापतंय, बोसाँ पातळ होतेय आणि तिचं टोक वर वर सरकतंय. फोर्ब्सच्या वेळी खालच्या दरीपर्यंत यायला लागायचं, आता बर्फ मध्येच वितळून आतलं उघडं करतो. अजून काही वर्षं आत राहायला हवं होतं ते आत्ताच बाहेर येतंय. शामोनीची पोरं तारांचे आणि पत्र्याचे तुकडे आणून दाखवतात, आणि कधीकधी त्याहून जास्त काही. 2017 मध्ये तिथे पुन्हा मानवी अवशेष सापडले होते. ते कुठल्या विमानातल्या माणसाचे, कोणाच्या घरचे, हे ओळखणार्‍या माणसांचंही आता वय झालं असेल.

1861 ला ओळखायला निदान एक म्हातारा वाटाडा काठाशी उभा होता. बर्फ आपलं काम चोख करतो, पण घेणारं माणूस काठाशी असायला हवं. म्हणून आपल्या घरातल्या माळ्यावरच्या ट्रंका, रेनकोट, पत्रांची बोचकी... ज्यांना ती अक्षरं ओळखता येतात ती माणसं आहेत तोवर एकदा खाली काढा म्हणते मी. येत्या दिवाळीच्या साफसफाईत काढलीत तरी चालेल.

असो. फार लांबलं आज. फळीचं काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. आमच्याकडे एकमत आहे की दिवाळी अंक रद्दीत घालायचे नाहीत, त्यामुळे बाक वाढत राहणार.